वेशीबाहेरची साथ : हर्सूल, औरंगाबाद आणि विलगीकरणाची दोन वर्षे

छत्रपती संभाजीनगरातून फुलंब्री, सिल्लोड आणि पुढे अजिंठ्याकडे निघालेला जळगाव रस्ता हर्सूलवरून जातो. हर्सूल मुळात शहराच्या उत्तरेचे वेगळे गाव. शहराला पाणी देणारा तलाव, हरसिद्धी मातेचे देऊळ आणि मध्यवर्ती कारागृह यांमुळे ते पंचक्रोशीत ठाऊक होते. शहर वाढत गेले आणि गाव महापालिकेच्या हद्दीत आले. तरी ‘हर्सूलला गेला’ म्हटले की ऐकणाऱ्याला आधी तुरुंगच आठवतो. मार्च २०२० पासून दोन वर्षे कोविडच्या नियमांचे बहुतेक प्रकार या रस्त्याने पाहिले. नाक्यावरची चाचणी, बंद बाजार, सील झालेल्या वस्त्या, कुलपाआडचे कैदी आणि शेवटी लशीच्या प्रमाणपत्रावर मिळणारे पेट्रोल. शहराचे अधिकृत नाव तेव्हा औरंगाबाद होते, म्हणून त्या काळापुरते इथेही तेच ठेवले आहे.

रोगाला वेशीबाहेर काढण्याची कल्पना मराठी मुलखाला सरकारने शिकवली नाही. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडायचा आणि पुढच्या गावाने तो आपल्या शिवेवरून आणखी पुढे ढकलायचा, ही जुनी रीत. प्लेगात घरात उंदीर पडू लागले की लोक गाव मोकळे करून रानात झोपड्या घालत आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच राहत. १९१८च्या इन्फ्लुएंझात, म्हणजे मानमोडीत, तेवढीही सवड मिळाली नाही. या रीतींनी रोग किती आटोक्यात येई हा प्रश्न वेगळा. पण घर कधी सोडायचे, कुठे जायचे आणि बरोबर कोणी यायचे हे गाव ठरवत असे. आजारी माणूस आपल्या माणसांतच राही.

सरकारी विलगीकरणाने नेमकी हीच घडी मोडली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगाचे निदान केले. महापालिकेने रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे अधिकार हाती घेतले आणि २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या साथरुग्णालयावर चालून गेला. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत चाळींतून पसरली होती. ती निव्वळ अफवा नव्हती. बहुतेकांना मरणाच्या दारात पोहोचल्यावरच तिथे आणले जाई, त्यामुळे परत येणारे खरोखरच थोडे होते. शहरातून लाखो लोक बाहेर पडले आणि रोगही त्यांच्याबरोबर रेल्वेने गावोगाव गेला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. त्याची कलमे अवघी चार. सरकारला वाटतील ते नियम करण्याची मुभा, नियम मोडणाऱ्याला दंडसंहितेच्या कलम १८८ची शिक्षा आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला खटल्यापासून अभय. लोकांना सरकारकडून काय मिळेल, याची हमी त्यात नव्हती.

त्याच कायद्याच्या जोरावर पुण्यात मार्चपासून गोऱ्या सोजिरांनी घरे तपासायला सुरुवात केली. देवघरात आणि माजघरात बूट घालून शिरणे, बायकांची तपासणी, सामानाची जाळपोळ या तक्रारींनी शहर पेटले आणि २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिशनर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. पुढच्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरला आणि मार्चमध्ये खुद्द मुंबईत दंगे झाले. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा इथे थेट लागू नव्हता. मराठवाड्याला प्लेगाची आठवण नव्याने झाली ती सप्टेंबर १९९४ मध्ये. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगाचे रुग्ण आढळले, पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगाची हाकाटी झाली आणि लाखो लोक सुरत सोडून निघाले.

१८९७चा कायदा हर्सूलच्या रस्त्यावर आला तो १२३ वर्षांनी. महाराष्ट्र सरकारने तो १३ मार्च २०२० पासून राज्यात लागू केला आणि दोनच दिवसांनी औरंगाबादेत पहिला कोविड रुग्ण सापडला, परदेशातून परतलेला. सुरुवातीचे दोन आठवडे हा विमानाने आलेल्यांचा आजार मानला गेला. राज्यात घरी विलग ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर, बोटाला मतदानाची खूण करतात त्या शाईचा शिक्का मारला जाऊ लागला. शिक्का सावधगिरीसाठी होता, पण रेल्वेत आणि एसटीत सहप्रवाशांनी तो पाहिला की गाडी थांबवून माणूस खाली उतरवल्याच्या घटना घडल्या. ‘क्वारंटाइन’ हा शब्द महिनाभरात खेड्यापर्यंत पोहोचला आणि तोंडात बसताना ‘कोरंटाइन’ झाला. सोबत त्याचे क्रियापदही झाले. अमक्याला कोरंटाइन केले.

२२ मार्चच्या जनता कर्फ्यूत लोकांनी थाळ्या वाजवल्या, २३ तारखेला राज्यात संचारबंदी आली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. पहिली प्रतिक्रिया विरोधाची मुळीच नव्हती. गावांनी तर सरकारच्या पुढे जाऊन नियम केले. मराठवाड्यात गावोगाव बाभळीच्या फांद्या, बैलगाडीची चाके, दगड रचून रस्ते अडवले गेले. वेशीवर पोरे काठ्या घेऊन पाळीपाळीने बसू लागली. ‘बाहेरच्या व्यक्तीस प्रवेश बंद’ अशा पाट्या लागल्या. मरीआईचा गाडा शिवेपार नेणाऱ्या गावाला हे करायला कोणाच्या परिपत्रकाची गरज नव्हती. यातला पेच लवकरच पुढे आला, कारण ‘बाहेरचा’ म्हणजे बहुतेक वेळा गावाचाच कोणी निघाला. पुण्यात चाकणला कामाला असलेला मुलगा, मुंबईत रिक्षा चालवणारा भाऊ, ऊसतोडीहून परतणारी जोडपी. त्यांना चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवण्याची पद्धत पडली. फळा, बाके आणि भिंतीवर रंगवलेली बाराखडी असलेल्या वर्गात सतरंजी टाकून माणसे राहिली. घरचा डबा दारापाशी ठेवून आई दहा पावले मागे सरकून उभी राहायची. ज्या गावांत शाळा वस्तीलगत होती आणि सरपंचाने जेवणाखाण्याची नीट सोय केली, तिथे हे विलगीकरण फारशा कुरबुरीविना निभावले. जिथे पाणी-संडासाची बोंब होती, तिथे माणसे रात्री घरी आणि सकाळी शाळेत, असेही होऊ लागले.

शहरातले चित्र एप्रिलच्या अखेरीस पालटले. तोवर औरंगाबादेत रुग्ण मोजके होते. मग नूर कॉलनी, किले अर्क, संजयनगर, जयभीमनगर, रामनगर अशा दाट वस्त्यांतून एकामागून एक अहवाल येऊ लागले आणि मे संपण्याआधी शहराने हजाराचा आकडा ओलांडला. या वस्त्यांत खोल्या दहा बाय दहाच्या, नळ आणि संडास सामाईक. ‘घरीच थांबा’ हा सल्ला तिथे शब्दशः पाळायचा तर आठजणांनी एका खोलीत एकमेकांच्या श्वासात बसायचे. महापालिकेने गल्ल्यांच्या तोंडाला बांबू आणि पत्रे ठोकले. रुग्ण निघाला की रुग्णवाहिका येई, निकट संपर्कातल्यांची यादी होई आणि घरची सगळी माणसे विलगीकरण केंद्रावर जात. या प्रकाराला लोकांनी ‘उचलून नेले’ असा शब्द वापरला. पोलिसांच्या कारवाईसाठी वापरायचा शब्द आजाराला लागला, यातच पुष्कळ काही येते. ताप आला तर तो सांगायचा नाही, कोपऱ्यावरच्या डॉक्टरची गोळी घ्यायची, श्वास लागला की मगच घाटी गाठायची, अशी चाल अनेक घरांनी धरली. घाटी म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय; मराठवाड्यातल्या गरिबाचा शेवटचा आधार. उशिरा आलेले रुग्ण तिथे दगावले की ‘घाटीत गेलेला परत येत नाही’ हे बोलणे पसरे आणि त्यामुळे पुढचा रुग्ण आणखी उशिरा येई. १८९६च्या आर्थर रोडचेच हे चक्र होते, फक्त या वेळी दगडफेकीऐवजी लपवालपवी झाली.

भीतीला धर्माचा रंगही मिळाला. मार्चअखेर दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधल्या तबलिगी मेळाव्याशी रुग्णांचा संबंध जोडला गेला आणि भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेणे सुरू झाले. अहमदनगर जिल्ह्यात मशिदींतून थांबलेल्या परदेशी तबलिगींवर साथरोग कायद्यासह अनेक कलमांखाली गुन्हे दाखल झाले. हे प्रकरण औरंगाबादलाच येऊन संपले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी, २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. साथीच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधू पाहते, आणि या परदेशी लोकांना तो बनवण्यासाठी निवडले गेले असावे, अशा आशयाचे ताशेरे निकालात आहेत. साथीच्या नियमांच्या वापरावर त्या वर्षी देशात जे न्यायालयीन निर्णय झाले, त्यांत हा फार थेट बोलणारा ठरतो.

मजुरांचा प्रश्न मात्र न्यायालयापर्यंत पोहोचण्याआधीच रुळावर आला. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले वीस मजूर ७ मेच्या संध्याकाळी पायी निघाले. भुसावळहून गावाकडची गाडी मिळेल, अशी त्यांची आशा होती. रस्त्यावर पोलीस अडवतील म्हणून त्यांनी रेल्वेमार्ग धरला. गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज होता. रात्रभर चालून करमाडजवळ ते रुळांवरच टेकले आणि ८ मेच्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडीखाली त्यांतले सोळा जण गेले. रुळांमध्ये विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र त्या दिवशी देशभर पोहोचले. हे मजूर नियम झुगारायला निघाले नव्हते. रोजगार थांबला, खोलीचे भाडे थांबले नाही आणि परत जाण्याची परवानगी मिळण्याची वाट हातातल्या पैशांपेक्षा लांब होती, एवढेच.

हर्सूल कारागृहाची गोष्ट या सगळ्यापेक्षा निराळी आहे, कारण विलगीकरण हाच ज्या जागेचा धंदा, तिथे विलगीकरण करायचे कसे? महाराष्ट्राच्या तुरुंगांची क्षमता सुमारे २४ हजार आणि कैदी ३५ हजारांहून अधिक, अशी स्थिती साथ आली तेव्हा होती. २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने गर्दी कमी करण्यासाठी प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमायला सांगितले. महाराष्ट्रात न्या. ए. ए. सय्यद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आधी सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांतले कच्चे कैदी तात्पुरत्या जामिनावर सोडण्याची शिफारस केली. शिक्षा झालेल्यांसाठी ८ मे रोजी पॅरोलच्या नियमांत दुरुस्ती करून ‘आकस्मिक पॅरोल’ आणला गेला. दरम्यान एप्रिलमध्ये मुंबई-पुण्याकडच्या पाच तुरुंगांना ‘लॉकडाउन’ केले गेले आणि तोच नियम पुढे हर्सूलसह आणखी काहींना लागला. लॉकडाउनचा इथला अर्थ असा की नवा कैदी आत नाही, आतला कोणी बाहेर नाही, आणि शिपाई-अधिकाऱ्यांनीही ठराविक दिवसांच्या पाळ्यांत भिंतीआडच मुक्काम करायचा. कैद्याला कोठडी असते तशी ती काही आठवडे पहारेकऱ्यालाही मिळाली. नातेवाइकांच्या भेटी बंद झाल्या. वकिलाशी बोलणे फोनवर आले.

भिंत मात्र विषाणूला अडवू शकली नाही. मे महिन्यात आर्थर रोड कारागृहात दीडशेहून अधिक कैदी बाधित निघाले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात हर्सूलमध्ये २९. त्यांना किले अर्क भागातल्या महापालिकेच्या कोविड केंद्रात हलवण्यात आले. हा परिसर औरंगजेबाच्या काळात शाही वाड्याचा, तटबंदीने वेढलेला. २०२०त तिथे खाटा, सलाइनचे स्टँड आणि दाराबाहेर पीपीई किटमध्ये घामाघूम झालेले पहारेकरी होते. ७ जूनच्या रात्री दोन कैदी खिडकीचे गज वाकवून, चादरींची दोरी करून खाली उतरले आणि पसार झाले. शहरभर त्यावर विनोद झाले. पण त्या घटनेमागे व्यवस्थेची खरी अडचण होती. रुग्ण म्हणून ठेवायचे तर दार उघडे हवे, हवा खेळती हवी, पहारेकरी लांब हवा. कैदी म्हणून ठेवायचे तर यातले काहीच चालत नाही. दोन्ही नियमावल्या एका खोलीत नांदवणे त्या रात्री जमले नाही.

जूनच्या अखेरीस लागण वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पोहोचली. बजाज ऑटोच्या कारखान्यात शंभराहून अधिक कामगार बाधित झाले, तेव्हा काही दिवस काम थांबवा अशी मागणी कामगार संघटनेकडूनच आली. टाळेबंदी उठवा म्हणणारे मालक आणि लावा म्हणणारे कामगार, असे दृश्य मार्चमध्ये कुणाला सुचलेही नसते. १० ते १८ जुलै असे नऊ दिवस शहर आणि वाळूज परिसर पुन्हा कडकडीत बंद झाला. आधीचे दोन दिवस बाजारात चालायला जागा नव्हती. बंद मात्र बहुतांशी पाळला गेला. मुदत आधीच ठरलेली होती, दूध-औषधाच्या वेळा जाहीर होत्या आणि बंदाआधी उसंत मिळाली होती. मार्चमध्ये अवघ्या चार तासांच्या सूचनेवर जे झाले, त्यापेक्षा हे सोसायला सोपे गेले.

याच सुमारास महापालिका आयुक्त आस्तिककुमार पांडेय यांच्या प्रशासनाने शहराच्या वेशींचीच चाचणीकेंद्रे केली. चिकलठाणा, नगर नाका, कांचनवाडी आणि हर्सूल टी-पॉइंट इथे मांडव पडले आणि येणाऱ्यांच्या अँटिजेन चाचण्या होऊ लागल्या. फुलंब्रीकडून भाजी घेऊन येणारा टेम्पोवाला रांगेत उभा राही, नाकात काडी घालून घेई आणि अर्ध्या तासात पुढे जायचे की केंद्रात, ते कळे. व्यापाऱ्यांना दुकान उघडायचे तर चाचणी बंधनकारक झाली. त्यावर कुरकुर झाली, ‘धडधाकट माणसाला उगाच रोगी ठरवतात’ असेही बोलले गेले, काहींनी शहरात शिरायला शेतातल्या वाटा धरल्या. तरीही हा उपाय पत्रे ठोकण्यापेक्षा लोकांना पटला, असे म्हणायला जागा आहे. पत्र्याआड गेलेल्या माणसाला आपण तिथे का आहोत हे कळत नसे. नाक्यावर निदान हातात एक निकाल येई.

गणपती, मोहरम, पोळा घरात झाले. बाजार उघडले तरी देवळे आणि मशिदी बंदच, याचा राग सप्टेंबरच्या सुरुवातीला रस्त्यावर आला. एमआयएमचे खासदार इम्तियाज जलील यांनी मशीद उघडून नमाज पढण्याची हाक दिली, शिवसेनेचे लोक खडकेश्वराच्या देवळाकडे जमले आणि पोलिसांनी जलील यांना ताब्यात घेतले. दारूची दुकाने मे महिन्यात उघडली होती, त्यामुळे ‘देवाला का बंदी’ या प्रश्नाला सरकारकडे पटेल असे उत्तर नव्हते. प्रार्थनास्थळे अखेर १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. अजिंठा आणि वेरूळची लेणी १० डिसेंबरला उघडली. हर्सूलमार्गे अजिंठ्याला जाणाऱ्या टॅक्सीवाल्यांचे आणि रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्यांचे तोवर जवळजवळ नऊ महिने गेले होते.

दुसऱ्या लाटेत लोकांची सहनशक्ती संपलेली होती. मार्च २०२१ मध्ये रुग्ण पहिल्या लाटेपेक्षा झपाट्याने वाढले. ११ मार्चपासून अंशतः निर्बंध आले आणि ३० मार्च ते ८ एप्रिल पूर्ण टाळेबंदी जाहीर झाली. जुलैत जे निमूटपणे पाळले, त्याला आता फेरीवाले, हॉटेलमालक, सलूनवाले, राजकीय पक्ष सगळ्यांनी विरोध केला. जलील यांनी मोर्चाचा इशारा दिला. ३० तारखेच्या रात्री प्रशासनाने आदेश मागे घेतला, आणि समर्थकांनी जलील यांना खांद्यावर घेऊन गर्दीत जल्लोष केला. त्याबद्दल गुन्हाही नोंदला गेला. घाटीत त्या रात्री खाट मिळत नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या: एका वर्षात कर्जबाजारी झालेल्या चहाटपरीवाल्याला आणखी दहा दिवस बंद झेपणार नव्हता आणि ऑक्सिजनसाठी धावणाऱ्या घराला तो जल्लोष पाहवत नव्हता. एप्रिलच्या मध्यावर राज्यव्यापी निर्बंध आले आणि शहराचा वाद आपोआप मिटला. घरोघर ऑक्सिमीटर घेऊन फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्यांनी मात्र १५ जूनपासून राज्यभर संप केला. नियम लोकांपर्यंत नेणाऱ्यांनाच पुरेसे मानधन नव्हते.

शेवटची चकमक लशीवरून झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये लसीकरणात औरंगाबाद जिल्हा राज्याच्या सरासरीच्या बराच मागे होता. जिल्हाधिकारी सुनील चव्हाण यांनी आदेश काढला की किमान एक मात्रा घेतल्याशिवाय पेट्रोल, गॅस आणि रेशन मिळणार नाही, लेण्यांत प्रवेशही नाही. पंपावर प्रमाणपत्रावरून हुज्जती झाल्या, दुसऱ्याचे प्रमाणपत्र दाखवून टाकी भरणारेही निघाले. पण लसकेंद्रांसमोरच्या रांगा वाढल्या, हेही खरे. रेशनचा तांदूळ लशीला जोडणे न्याय्य होते का, हा आक्षेप गंभीर होता. गरिबाला तो आदेश पेट्रोलवाल्यापेक्षा जास्त टोचला.

राज्याने मार्च २०२२च्या अखेरीस सगळे निर्बंध उठवले आणि २ एप्रिलचा गुढीपाडवा मुखपट्टीच्या सक्तीविना साजरा झाला. सामान्य नागरिकांवर कलम १८८खाली नोंदलेले टाळेबंदीतले गुन्हे मागे घेण्याची घोषणाही सरकारने केली. हर्सूल टी-पॉइंटवरचे मांडव त्याआधीच निघाले होते. तुरुंगाच्या हिशेबात मात्र साथ संपण्याचा अर्थ उलटा होता. मे महिन्यात गृह विभागाने आकस्मिक पॅरोलवर बाहेर असलेल्या बंद्यांना पंधरा दिवसांत आपापल्या कारागृहात हजर व्हायला सांगितले, आणि दोन वर्षे शेतात, वीटभट्टीवर, रिक्षावर काढलेली माणसे कपड्यांची पिशवी घेऊन पुन्हा तुरुंगाच्या दारात उभी राहू लागली.